खिडकी : सरकती की झडपांची?

घराचा आराखडा मंजूर होतो, विटांचे काम लिंटेलपर्यंत येते आणि एके दिवशी कंत्राटदार विचारतो, ‘खिडक्या कोणत्या टाकायच्या?’ फरशी आणि रंग निवडण्यासाठी दुकानोदुकानी फिरलेले कुटुंब या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुधा दोन मिनिटांत देते. शेजारच्या बंगल्याला सरकत्या आहेत, म्हणून आपल्यालाही सरकत्या! वस्तुतः भिंतीचा रंग काही वर्षांनी बदलता येतो. खिडकीची चौकट एकदा भिंतीत बसली की ती सहसा हलवली जात नाही. एप्रिल-मे महिन्यांतील रात्री घरात सुखाने झोप लागणार की नाही, हे बऱ्याच अंशी या दोन मिनिटांत ठरलेले असते.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात हवामानाचे दोन टोकांचे प्रकार आढळतात. पश्चिमेकडील अकोले तालुक्यात भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या पट्ट्यात सह्याद्रीचा धुवांधार पाऊस पडतो. त्याउलट नगर, पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. तेथे पाऊस बेताचा, ऊन कडक आणि धूळ भरपूर. एकाच प्रकारची खिडकी या दोन्ही ठिकाणी सारखीच चालेल, असे मानणे धाडसाचे ठरेल.

दोन प्रकार, दोन स्वभाव

झडपांची खिडकी म्हणजे बिजागरीवर फिरणारी खिडकी. बांधकामावर तिला ‘ओपनेबल’ म्हणतात. तिची झडप दारासारखी बाहेर किंवा आत उघडते आणि बंद करताना चौकटीवर दाबून बसते. सरकत्या खिडकीत काचेचे पल्ले खालच्या रुळावर छोट्या चाकांच्या आधाराने एकमेकांच्या मागेपुढे सरकतात. पहिलीला उघडण्यासाठी भिंतीबाहेर किंवा खोलीत मोकळी जागा लागते. दुसरीला अशी जागा लागत नाही. मात्र तिची काच कोठे निघून जात नाही, ती शेजारच्या काचेमागे जाऊन उभी राहते. दोन्ही प्रकारांचे बहुतेक गुणदोष या एका फरकातून निर्माण होतात.

नगरच्या जुन्या वाड्यांत झडपांचीच खिडकी असे. सागवानी चौकटीत बाहेरच्या बाजूला लोखंडी गज आणि आत उघडणाऱ्या दोन लाकडी झडपा, अशी तिची रचना असे. काही ठिकाणी वरच्या आणि खालच्या झडपा वेगळ्या असत. खालच्या लावून आडोसा राखायचा आणि वरच्या उघड्या ठेवून वारा घ्यायचा, ही सोय त्यात होती. पुढे लोखंडी सेक्शनच्या, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या आल्या. सदनिकांचा काळ सुरू झाल्यावर अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी त्यांची जागा घेतली. सावेडी, केडगाव, भिस्तबाग या उपनगरांत आज सरकती खिडकी हीच जणू खिडकीची व्याख्या झाली आहे.

उघडते किती, हे मोजावे

खिडकी विकत घेताना मोजली जाते ती पूर्ण चौकट. बिलही त्याच चौरस फुटांचे होते. घरात वारा मात्र उघडलेल्या भागातूनच येतो. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही सरकवली, तरी अर्धीच उघडते. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. तिच्यात हा फरक आकड्यांत मांडलेला आहे. झडपांच्या खिडकीचे उघडणारे क्षेत्र चौकटीच्या ९० टक्के, दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीचे ५० टक्के आणि तीन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीचे ६७ टक्के धरावे, असे ती सांगते.

घराच्या चटई क्षेत्राच्या प्रमाणात किमान किती भाग उघडता यावा, याचेही निकष याच संहितेत आहेत. कोरड्या-उष्ण हवामानासाठी १० टक्के, संमिश्र हवामानासाठी १२.५ टक्के आणि उष्ण-दमट हवामानासाठी १६.६६ टक्के, असे हे प्रमाण आहे. संहिता हा हिशेब संपूर्ण घराचा करते आणि त्यात बाहेर उघडणारी दारेही धरते. तरी एका खोलीपुरता तो करून पाहणे उद्बोधक ठरते.

१२ फूट बाय १० फुटांची झोपण्याची खोली घेऊ. तिचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट. १० टक्क्यांचा तुलनेने सौम्य निकष लावला, तरी १२ चौरस फूट उघडता आले पाहिजेत. अशा खोलीला ४ फूट बाय ४ फूट, म्हणजे १६ चौरस फुटांची एक खिडकी असल्याचे मानू. झडपांची असेल तर १४.४ चौरस फूट उघडते आणि निकष पूर्ण होतो. दोन पल्ल्यांची सरकती असेल तर ८ चौरस फूटच मिळतात. तीन पल्ल्यांची असली तरी आकडा पावणेअकराच्या आतच राहतो. दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीतून १२ चौरस फूट मिळवायचे तर चौकट २४ चौरस फुटांची, म्हणजे ६ फूट बाय ४ फुटांची घ्यावी लागेल.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तीन रुळांच्या खिडकीत तिसरा पल्ला बहुधा डासांच्या जाळीचा असतो. काचेचे पल्ले दोनच राहतात. त्यामुळे ती तीन रुळांची असली तरी उघडते अर्धीच, आणि त्या अर्ध्या भागापुढेही जाळी येते. जाळीने वारा आणखी अडतो, तो वेगळाच.

नगरच्या रात्री आणि तापलेला स्लॅब

पर्जन्यछायेतील कोरड्या प्रदेशात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठी तफावत असते. उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीकडे जातो आणि रात्री उशिरा बाहेरची हवा बरीच निवते. दिवसभर तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत मात्र मध्यरात्रीपर्यंत उष्णता घरात सोडत राहतात. अशा हवामानात घर थंड ठेवण्याची रीत जुनी आणि साधी आहे. सकाळी ऊन चढल्यावर खिडक्या घट्ट लावून पडदे ओढावेत. संध्याकाळनंतर त्या सताड उघडून रात्रीची गार हवा आरपार खेळवावी. त्यामुळे रात्री भिंती निवतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घर सुसह्य राहते.

या रीतीला खिडकीकडून दोन गोष्टी लागतात. उघडली की पूर्ण उघडावी आणि लावली की घट्ट लागावी. दोन्ही बाबतींत झडपांची खिडकी सरस ठरते. तिच्या चौकटीतील रबरी पट्टी झडप दाबली की चेपते आणि फट बुजते. सरकत्या खिडकीच्या पल्ल्याला सरकायचे असल्यामुळे रुळात थोडी ढिलाई ठेवावीच लागते. ती फट केसाळ ब्रशपट्टीने झाकलेली असते. पट्टी नवी असते तोवर काम चालते. झिजली की दुपारची गरम झळ आणि धूळ दोन्ही आत येतात. वातानुकूलन यंत्र असलेल्या खोलीत हाच दोष विजेच्या बिलात दिसतो.

या भागातील जुन्या वास्तुकारांनी वाऱ्याची किंमत ओळखली होती. १५८३ मध्ये पूर्ण झालेला फराहबक्ष महाल तलावाच्या मधोमध उभारला गेला. शहाडोंगरावरील सलाबतखानाची कबर, जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, तिच्या मोकळ्या कमानींतून वारा आजही मनसोक्त वाहतो. निजामशाहीच्या कमानी सदनिकेत आणता येत नाहीत, पण असलेली खिडकी पूर्ण उघडावी एवढी अपेक्षा रास्त आहे.

पाऊस आणि वारा

पावसाळ्यात या प्रदेशात वारा प्रामुख्याने पश्चिम-नैऋत्येकडून येतो. सुप्याजवळचा कवड्या डोंगर आणि नगर तालुक्यातील खांडके येथील पवनचक्क्या हे या पठारी वाऱ्याचेच द्योतक होत. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराबाबतच्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात शेजारच्या पुणे आणि नाशिक या दोन्ही शहरांसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. एवढा वारा क्वचितच सुटतो. तो सुटलाच, तर २ फूट बाय ४ फुटांच्या एका झडपेवर ढोबळमानाने ७० किलोचा दाब येतो. इमारतीची उंची आणि आजूबाजूचा मोकळेपणा यांनुसार हा आकडा कमी-अधिक होतो. उंच मजल्यावर किंवा माळावरच्या बंगल्यात पातळ सेक्शनची खिडकी, मग ती कोणत्याही प्रकारची असो, का घेऊ नये, हे यावरून लक्षात यावे.

वाऱ्याबरोबर तिरका आलेला पाऊस दोन्ही खिडक्यांची परीक्षा पाहतो. सरकत्या खिडकीच्या रुळात पाणी साचणे स्वाभाविकच आहे. ते बाहेर जाण्यासाठी रुळाला बाहेरच्या बाजूने छिद्रे ठेवलेली असतात. उन्हाळाभर रुळात जमलेली धूळ वळवाच्या पहिल्या सरीत भिजते, तिचा चिखल होतो आणि ही छिद्रे बुजतात. मग पाणी आत वळते आणि दोष मात्र गवंड्याला दिला जातो. मृग नक्षत्रापूर्वी रूळ ब्रशने साफ करून छिद्रांत तार फिरवली, तर ही तक्रार बहुतांशी मिटते.

झडपांच्या खिडकीचे संकट वेगळे आहे. वळवाचा वारा अचानक सुटतो आणि उघडी झडप आपटून काच फुटते. झडपेला जागेवर रोखून धरणारी घर्षणपट्टी किंवा निदान जुन्या पद्धतीचा लोखंडी आकडा अत्यावश्यक आहे. झडप बाहेर उघडणारी असेल, तर पाऊस सुरू होताच ती ओढून घेण्यासाठी माणूस घरात असावा लागतो. दिवसभर घराला कुलूप असणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यात मात्र घट्ट लागणारी, वर-खाली दोन्हीकडे कडी बसणारी झडपांची खिडकी आणि तिच्यावर पुरेसा रुंद छज्जा हाच खात्रीचा उपाय होय.

ग्रिल आणि जाळी

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरच्या घरांना दाराच्या झडपा न लावण्याची परंपरा प्रसिद्ध आहे. २०११ मध्ये युको बँकेने तेथे कुलपाविना शाखा उघडली, तेव्हा त्याची चर्चा देशभर झाली. इतरत्र मात्र ग्रिलशिवाय खिडकीची कल्पनाही केली जात नाही. सरकत्या खिडकीच्या लोकप्रियतेचे खरे कारण हे ग्रिलच आहे. ग्रिल बाहेरून भिंतीलगत बसवले की बाहेर उघडणारी झडप त्याला अडते. सरकत्या पल्ल्याला ही अडचण येत नाही.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, ग्रिल पेटीसारखे फूट-दीड फूट बाहेर काढणे. त्याने झाडांच्या कुंड्यांची सोय होते, पण खर्च वाढतो आणि सोसायटीची परवानगी लागू शकते. दुसरा, ग्रिल चौकटीच्या आतल्या अंगाला बसवून झडप बाहेर उघडणे. यात कडी काढण्यासाठी गजांतून हात घालावा लागतो. त्यामुळे कडी कोठे येते हे आधीच पाहून घ्यावे. तिसरा उपाय वाड्यांचाच आहे. ग्रिल बाहेर, झडपा आत. त्यात काच दोन्ही बाजूंनी पुसता येते आणि जाळी ग्रिल व झडप यांच्यामध्ये कायमची बसवता येते. मात्र आत उघडणारी झडप पडद्यात अडकते आणि खिडकीशी लावलेले टेबल किंवा पलंग मागे सरकवावा लागतो.

डासांच्या जाळीच्या दृष्टीने सरकती खिडकी सोयीची आहे. जाळीचा पल्ला तिसऱ्या रुळावर सहज सरकतो. बाहेर उघडणाऱ्या झडपेला आतून जाळीची वेगळी झडप किंवा गुंडाळणारी जाळी लागते. खिडकी उघडताना-लावताना दर वेळी जाळी बाजूला करावी लागते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे हा प्रश्न केवळ रात्रीपुरता नाही.

ग्रिल बसवताना दोन गोष्टींत तडजोड करू नये. लहान मूल असलेल्या घरात दोन गजांमधील फट सुमारे १० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, आणि खिडकीखाली मूल चढू शकेल असे बाकडे किंवा कपाट ठेवू नये. तसेच प्रत्येक सदनिकेत निदान एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारे दार असावे आणि त्याची किल्ली जवळच, पण मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी टांगलेली असावी. जिन्यात धूर कोंडला, तर बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग तोच असतो. ग्रिलचे ते दार उघडल्यावर माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी उघडते का, हेही पाहावे. अरुंद सरकत्या खिडकीचा अर्धा भाग त्याला अपुरा पडतो.

हात कोठवर पोहोचतो?

बाहेर उघडलेली झडप ओढून घेण्यासाठी हात बराच लांब न्यावा लागतो. स्वयंपाकघरात दोन फूट रुंदीच्या ओट्यापलीकडच्या खिडकीला हे त्रासाचे होते, तेथे सरकती खिडकी योग्य. गुडघे किंवा खांदे दुखणाऱ्या ज्येष्ठांनाही सरकती खिडकी सोपी जाते. अट एवढीच, की चाके चांगल्या प्रतीची असावीत आणि रूळ स्वच्छ असावा. चाके झिजलेला जड पल्ला ढकलणे झडप ओढण्यापेक्षा कठीण असते.

सामाईक गॅलरी, जिना किंवा बोळ यांकडे उघडणारी झडप डोक्याच्या उंचीवर येते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला लागते. माळीवाडा, कापड बाजार अशा जुन्या दाट वस्तीत भिंत थेट रस्त्याला लागून असते. तेथे तळमजल्याच्या झडपा बाहेर उघडणे शेजारधर्मालाही धरून नाही. अशा ठिकाणी सरकती किंवा आत उघडणारी खिडकी घ्यावी. न्हाणीघराला वरून बिजागरी असलेला छोटा झरोका पुरतो.

सामान आणि हिशेब

दोन्ही प्रकार लाकूड, अॅल्युमिनियम आणि यूपीव्हीसी यांत मिळतात. लोखंडी सेक्शन प्रामुख्याने झडपांसाठी वापरला जातो. लाकूड पावसात फुगते आणि उन्हात आकसते, त्यामुळे सुताराकडून दर काही वर्षांनी रंधा मारून घ्यावा लागतो. लोखंड मजबूत आणि स्वस्त असले तरी वेळोवेळी रंग न दिल्यास गंजते. अॅल्युमिनियम गंजत नाही; मात्र ते उष्णता झपाट्याने वाहून नेते, त्यामुळे पश्चिमेच्या उन्हात चौकट चटका देते. यूपीव्हीसी उष्णता कमी वाहते. मोठ्या आकारात तिच्या आत लोखंडी पट्टीचे बळ आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

दरांची तुलना करताना चौकटीच्या चौरस फुटाऐवजी उघडणाऱ्या चौरस फुटाचा भाव काढावा. समजा, सरकती खिडकी चौरस फुटाला १०० रुपये आणि झडपांची १३० रुपये दराने मिळते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. १६ चौरस फुटांना सरकतीचे १,६०० आणि झडपांचे २,०८० रुपये होतील. उघडणाऱ्या क्षेत्राने भागल्यास सरकती २०० रुपयांना, तर झडपांची सुमारे १४४ रुपयांना पडते. वाऱ्यासाठी खिडकी घ्यायची असेल तर हाच हिशेब खरा. केवळ उजेड आणि देखावा हवा असेल, तर मात्र सरकतीचा मोठा काचपट स्वस्तात पडतो.

कोणत्या खोलीला कोणती?

संपूर्ण घराला एकच प्रकार हवा, हा आग्रह मुळात अनाठायी आहे. पर्जन्यछायेतील तालुक्यांत झोपण्याच्या खोल्यांना आणि वारा येणाऱ्या पश्चिम-नैऋत्य बाजूला झडपांच्या खिडक्या घ्याव्यात. बाल्कनीकडे उघडणाऱ्या दिवाणखान्याला, ओट्यावर आणि सामाईक गॅलरीकडे सरकत्या चालतील. सदनिकाधारकाला चौकट बदलणे शक्य नसेल, तर समोरासमोरच्या दोन खिडक्या रात्री उघड्या ठेवून आणि आतल्या दारांवर झरोके ठेवून आरपार वारा मिळवता येतो. सरकत्या खिडकीची उणीव त्याने काही अंशी भरून निघते.

ऑर्डर देण्यापूर्वी बांधकामाच्या जागी एखाद्या संध्याकाळी जाऊन उदबत्ती लावून पाहावी. धूर कोणत्या बाजूने आत येतो आणि कोठून बाहेर जातो, हे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगून जाते. खिडक्या बसल्यावर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान नसतील तर चौकट तिरकी बसली आहे. खालची फरशी बाहेरच्या बाजूला उतरती हवी, आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटून पडण्यासाठी खाच हवी. झडपेत कागदाचा कपटा धरून ती लावावी. कपटा सहज ओढून निघाला, तर रबरी पट्टी नीट दाबलेली नाही. सरकत्या पल्ल्याला आतून वर उचलून पाहावे. तो रुळातून सुटत असेल, तर बाहेरून चोरालाही तो काढता येईल. शेवटी बाहेरून नळीने दहा मिनिटे पाणी मारून आतली भिंत हाताने तपासावी. कारागिराच्या बिलाचा अखेरचा हप्ता त्यानंतरच द्यावा.